रिकामी फेरी

५ जानेवारी २०११, हुमनाबाद

पोचले. उदगीरहून निघालेली बस वाटेत जागोजागी थांबत आली, पण कंटाळा आला नाही. काल येळवस झाली, म्हणजे शेतात जाऊन जेवायची अमावास्या. रात्री शेतातच राहिलेली माणसं आज परतत होती. प्रत्येकाच्या मांडीवर डबा, आणि सगळ्या बसला भज्जीचा आणि आंबिलीचा वास. एका बाईने ओळख ना पाळख, माझ्या हातावर बाजरीचा उंडा ठेवला. शुभ शकुन मानायचा असेल तर हा मानावा.

वीरण्णांची डाळमिल हायवेपासून आत, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला आहे. मिलच्या मागच्या भिंतीला लागून खोल्यांची एक ओळ, तिच्यातली शेवटची माझी. खिडकीतून कोठी दिसते: तीन मजली उंच पत्र्याचा गोल, त्यात तूर भरतात. शेजारच्या खोलीत मल्लेश आणि श्रीदेवी हे जोडपं राहतं, मूळ निर्ण्याचं. मल्लेश मिलमध्येच कामाला आहे. मी कुलूप उघडेपर्यंत श्रीदेवी पाण्याची घागर घेऊन आली आणि एका दमात विचारून मोकळी झाली की मी कुठली, एकटीच का, आणि इतकं शिकून इथे कशाला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. उदगीरचे माझे कॉम्प्युटरचे क्लासेस बंद पडले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पुण्यात कोणी विचारत नाही, हे तिला सांगून काय उपयोग?

मल्लेशने मिलच्या जुन्या कॉम्प्युटरची ओळख करून दिली. म्हणाला, "तुमच्यासारखंच हाय अक्का. शिकल्यालं हाय, पर लई सावकाश बोलतंय." मी मोठ्याने हसले. फार दिवसांनी.

८ जानेवारी

आज सगळी मिल पाहिली. मुकादम रामकिशन बरोबर होते. बोलताना ते माझ्याकडे न बघता मशीनकडे बघतात, जणू मशीनने ऐकायला हवं.

मिल चालवणारा प्रोग्रॅम पंधरा वर्षांपूर्वी कोणा इंजिनिअरने बेसिक भाषेत लिहिला. तो इंजिनिअर आता हैदराबादमार्गे अमेरिकेत गेला. वीरण्णांनी नवा कॉम्प्युटर घेतला आहे. त्याला बेसिक कळत नाही, सी कळते. शिवाय हाच प्रोग्रॅम त्यांना गुलबर्ग्याच्या आणखी मिलवाल्यांना विकायचा आहे. माझं काम असं: जुन्या भाषेतली फाइल कोणी बदलून सेव्ह केली की तिचं आपोआप सी भाषेत रूपांतर व्हावं आणि नवा प्रोग्रॅम तयार होऊन मिळावा. अशा रूपांतर करणाऱ्या साधनाला ट्रान्सपायलर म्हणतात. वीरण्णा त्याला 'ते भाषांतराचं' म्हणतात.

कोठीची एक पद्धत मनात राहिली. माल बदलला की चार-पाच माणसं झाकणातून आत उतरतात आणि भिंतीला चिकटलेला भुसा झाडतात. तळाशी लोखंडी स्क्रू असतो, तो फिरला की तूर पुढे ढकलली जाते. सुरू करायचं बटण दाबलं की आधी भोंगा वाजतो, मग मशीन जरा थांबतं, मग स्क्रू फिरतो. त्या थांबण्यात रामकिशन झाकणात तोंड घालून एकेकाचं नाव घेतात. जो तो "आलो" म्हणत शिडीने वर येतो. शेवटी ते पिराप्पाचं नाव घेतात. पिराप्पा पंधरा वर्षांपूर्वी त्याच स्क्रूत सापडून गेला. त्या नावाला ओ येत नाही. मग झाकण लावतात.

मी विचारलं की मेलेल्या माणसाचं नाव कशाला. रामकिशन म्हणाले, "त्यानं ओ दिली न्हाई, म्हंजे आत कुनी न्हाई."

आणि भोंग्याआधीच सगळे वर का येत नाहीत? यावर मल्लेश म्हणाला, "मग भोंगा कामून बसवलाय, अक्का? वरातीला?"

१४ जानेवारी

जागल्या तयार झाला! शेतात रात्री राखण करणाऱ्याचं नाव मी त्याला दिलं, कारण तो दुसरं काही करत नाही, एका फोल्डरवर डोळा ठेवून बसतो. फाइल सेव्ह झाली की ती उचलतो, ट्रान्सपायलरकडे देतो, सी भाषेतली फाइल घेतो, तिचा प्रोग्रॅम बांधतो आणि चाचणीच्या मशीनवर ठेवतो. मी चहाचा कप उचलून परत ठेवेपर्यंत सगळं झालेलं असतं.

रेडीमेड ट्रान्सपायलरला या जुन्या बेसिकची बोली कळत नव्हती, म्हणून बरेच नियम मी स्वतः लिहिले. त्यातला एक: ज्या ओळीने काहीच घडत नाही, ती वगळायची. जुन्या कोडमध्ये असली अडगळ फार आहे.

दुपारी मल्लेशला दाखवलं. मी एक अक्षर बदललं, सेव्ह केलं, दुसऱ्या पडद्यावर फरक उमटला. त्याने विचारलं, आता तुम्ही गेलात तरी हे चालणार? मी अभिमानाने हो म्हटलं. तो म्हणाला, "मग अण्णा तुमाला कशाला ठिवतील?"

१९ जानेवारी

जागल्या दर वेळी एक सूचना देतो. मिल सुरू करण्याच्या फाइलमध्ये भोंग्याच्या पुढच्या ओळींविषयी: परिणाम नाही, वगळले.

आज त्या ओळी नीट वाचल्या. एक रिकामी फेरी आहे. कॉम्प्युटरला सांगितलं आहे की एकपासून मोठ्या आकड्यापर्यंत मोजत जा आणि मोजताना काहीच करू नकोस. जुनं मशीन मंद, त्याला मोजायला वेळ लागायचा. तेच ते भोंग्यानंतरचं थांबणं. फेरीत काही घडत नाही, म्हणून माझ्या नियमाने ती काढून टाकली. नियमाप्रमाणे योग्यच आहे.

तरी मला राहवेना. वीरण्णांना सांगितलं की जुन्यात भोंगा आणि स्क्रूमध्ये अंतर होतं, नव्यात राहणार नाही. ते म्हणाले, ती जुन्या डबड्याची जांभई होती, नव्याला कशाला हवी? दिवसातून कितीदा मिल सुरू-बंद होते आणि दर वेळी माणसं हात बांधून उभी राहतात. राहू द्या वगळलेलं.

रामकिशनना विचारायला हवं असं वाटलं. खाली गेले. ते काट्यावर ट्रकचं वजन करून घेत होते, ड्रायव्हरशी वाद चालला होता. मी थोडा वेळ उन्हात थांबले आणि परत आले. उद्या विचारीन.

२४ जानेवारी

नव्या कॉम्प्युटरवर मिल पहिल्यांदा चालली. वीरण्णांच्या आग्रहाने जागल्याची दोरी चाचणीच्या मशीनऐवजी थेट मिलला जोडली आहे. इथे सेव्ह केलं की तिथे बदल. नारळ फुटला, पेढे वाटले. सुरू करायचं बटण आता कोठीच्या झाकणासमोरच्या केबिनमध्ये, माझ्या टेबलावर आहे; ते मी दाबलं. भोंगा आणि स्क्रू एकदमच.

रामकिशन केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, "आता नावं कवा घ्यायची?" वीरण्णा म्हणाले, भोंग्याच्या आधी घ्या, नाहीतर रात्री घरी बसून घ्या. सगळे हसले.

मीही हसले. हे लिहून ठेवते, कारण माझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच मी रोज लिहिते. रामकिशनना मी त्या थांबण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

२८ जानेवारी

मल्लेश गेला.

बटण मी दाबलं.

३० जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

माल बदलला म्हणून कोठी झाडायला पाच जण उतरले होते. रामकिशननी भोंग्याआधीच नावं घेतली. पाचही जण वर आले. मग सवयीने रामकिशननी शेवटी पिराप्पाचं नाव घेतलं.

आतून ओ आली. "आलो."

सगळ्यांना वाटलं कोणीतरी थट्टा करतं आहे. एकमेकांना मोजलं, पाचही बाहेर. त्या पाचांतला मल्लेश म्हणाला, "ह्यो कोन भाड्या आत बसलाय बगतो," आणि शिडीने उतरला. रामकिशन मागे फिरून केबिनकडे हात हलवत होते. थांबा असा हात. केबिनमध्ये वीरण्णा माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, झालं म्हणतोय, दाबा.

मला तो हात दिसला होता. झालं म्हणतो आहे की थांबा म्हणतो आहे, हे मला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं, हे खरं आहे का? मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते आहे. मला एवढंच आठवतं की मागे कोणी उभं असलं की माझा हात लवकर चालतो.

भोंगा वाजला तेव्हा मल्लेशला तो ऐकू आला असणार. भोंगा झाला की वर यायचं, एवढंच तो वर्षानुवर्षं शिकला होता. यायला वेळ मात्र नव्हता. तो मी अडगळ म्हणून काढला होता.

२ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. माणूस न सांगता आत गेला, असं ठरलं. रामकिशननी मान खाली घालून तसंच सांगितलं. त्यांचा मुलगाही याच मिलमध्ये आहे. मला कोणी काही विचारलं नाही. बाईमाणूस, कॉम्प्युटरवाली.

मी वीरण्णांना म्हटलं की ते थांबणं परत घालते, पाच मिनिटांचं काम आहे. ते आवाज न चढवता म्हणाले, "आता बदललात म्हंजे आदी चूक व्हती, असं व्हतंय. अन् चूक कुनाची म्हनून विचारतील, म्याडम. भाषांतर कुनी बसवलंय?"

मी परत येऊन खुर्चीत बसले. फाइल उघडली. बंद केली.

५ फेब्रुवारी

श्रीदेवी दारात आली. रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "भोंगा झाल्यावर थांबतंय की ते, अक्का? मग ह्यो वर कामून आला न्हाई?"

मी म्हटलं, हो, थांबतं.

ती म्हणाली, मग त्याचाच पाय सटकला असंल. आणि माझ्या रिकाम्या घागरीकडे बघून ती भरायला घेऊन गेली.

९ फेब्रुवारी

जागल्या आपोआप जागा होतो आहे. मी कोणतीही फाइल सेव्ह केली नाही, तरी भर दुपारी मिल सुरू करण्याची फाइल उचलली गेली, रूपांतर झालं, मिलकडे गेली. पडद्यावर तीच सूचना: परिणाम नाही, वगळले. दिवसभरात बऱ्याच वेळा.

कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं. व्हायरस तपासला. कारण असेलच, यंत्राला कारण असतं.

१२ फेब्रुवारी

आज कोठी झाडली. रामकिशन आता शेवटी दोन नावं घेतात. पिराप्पा. मल्लेश.

दोघांनीही ओ दिली.

मी केबिनमधून ऐकली. काच बंद होती, तरी ऐकली. झाडून नुकतीच वर आलेली चार माणसं झाडू-फडकी तिथेच टाकून गेटबाहेर गेली. हिशेब घ्यायलाही थांबली नाहीत. वीरण्णा त्यांच्या मागे ओरडत होते की पत्र्याच्या कोठीत आवाज घुमतो, एवढं कळत नाही का रे.

घुमलेला आवाज हाक मारणाऱ्याचा असतो. हा मल्लेशचा होता. आणि तो एवढंच म्हणत नव्हता. पुढेही काही म्हणत होता. "आलो. थांबा की जरा."

१५ फेब्रुवारी

रामकिशन सोडून गेले. जाताना केबिनमध्ये आले, पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "तुमी ते काढलं ते मला ठाव हाय. मी बी बोललो न्हाई. दोगं बी नरकात जाऊ, पर येगळ्या बसनं जाऊ."

१७ फेब्रुवारी

कामाला माणूस मिळत नाही. वीरण्णांनी श्रीदेवीला मिलमध्ये घेतलं आहे. गावभर सांगतात, विधवेला आधार दिला. उद्यापासून कोठी झाडायला ती उतरणार.

एकटी.

मी तिला सांगितलं की नको जाऊस. ती म्हणाली, कामून? मशीन थांबतंय म्हणून तुमीच सांगितलं की.

मी तिला खरं सांगितलं नाही. पुन्हा.

१८ फेब्रुवारी, सकाळी

वगळण्याचा नियम काढून टाकला. माझाच होता, मीच काढला. वीरण्णा काय म्हणायचं ते म्हणोत. रिकामी फेरी परत घातली, सेव्ह केली.

परिणाम नाही, वगळले.

नियम आता अस्तित्वात नाही. मग कोण वगळतं आहे?

परत घातली. वगळली. जुनी फाइल उघडून पाहिली, तर तिथूनही ओळी गेलेल्या. मी लिहिते, सेव्ह करते, डोळ्यांसमोर जातात. कोणाला नको आहे हे थांबणं? आत उतरलेल्यांना परत वर येऊ द्यायचं नाही असं कोणाचं —

नाही. नीट विचार कर. रिकामं आहे म्हणून जातं ना? मग रिकामं ठेवायचंच नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी

जमलं. भोंग्यानंतर असं लिहिलं: माणसाने दुसरं बटण दाबेपर्यंत थांब. आकडा नाही, मोजणं नाही. मी दाबत नाही तोवर स्क्रू फिरणार नाही. जागल्याने घेतलं. वगळलं नाही. मिलकडे गेलं.

श्रीदेवी झाडून वर आली. मी काचेतून पाहिलं, तिचे दोन्ही पाय झाकणाबाहेर होते. मग पहिलं बटण दाबलं. भोंगा वाजला. मिल थांबली. एवढी शांतता या आवारात मी कधी ऐकली नव्हती. मला रडू आलं. वाटलं, आता जाऊन तिला सगळं सांगावं.

श्रीदेवी झाकणापाशी उभी आहे. नाव घ्यायला कोणी नाही, म्हणून ती घेते आहे. पिराप्पाचं घेतलं. मग, नवऱ्याचं नाव बायको घेत नाही तरी, मल्लेशचंही घेतलं.

ओ आली.

मी वहीत लिहिते आहे कारण हाताला दुसरं काही —

शिडी वाजते आहे. आतून. एक पायरी, मग घसटल्याचा आवाज, मग पुन्हा पायरी. अर्धाच पाय असावा असं —

वेळ हवा होता त्यांना. वर यायला वेळ. तो आता मी दिला आहे. दोघांनाही, हवा तेवढा.

श्रीदेवी हसते आहे. "यायलाय अक्का, यायलाय," म्हणून मला ओरडून सांगते आहे. कमरेपर्यंत आत वाकली आहे. हात खाली दिला आहे त्याला.

मी काच ठोकली. ती बघत नाही. मुख्य खटका कोठीच्या पलीकडे आहे. दुसरं बटण माझ्यासमोर. दाबलं तर स्क्रू फिरेल, ते खाली जातील, आणि हात धरलेली ती त्यांच्याबरोबर. नाही दाबलं तर —

झाकणाच्या कडेवर बोटं आली. तीन. तिने धरली आहेत.

दुसऱ्या बाजूनेही. पिराप्पाची असतील. पंधरा वर्षांची —

श्रीदेवी हसायची थांबली. माझ्याकडे बघते आहे. दाबा म्हणते आहे की थांबा, मला कळत —

तिचा हात हलतो आहे, मला तो हात दि